ग्रिडमधलं बाष्पोत्सर्जन आणि गच्चीवरचं हवामान केंद्र: मुंबईत पडताळणी कशी करावी?

गोरेगावकर

नमस्कार मंडळी. विषय थोडा तांत्रिक आहे, पण इथे शेती करणारे, हवामानातले आणि आकडेवारीतले लोक आहेत म्हणून मुद्दाम इथेच विचारतोय.

आमच्या वसाहतीच्या बागेला सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेलं पाणी देतात. पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत माळीदादा रोज ठरावीक वेळ पाणी सोडतात. जानेवारीतही तेवढंच, मेमध्येही तेवढंच. जानेवारीत हिरवळ चिखलात उभी असते आणि मेमध्ये कडेची झुडपं माना टाकतात. हवा जेवढं पाणी ओढते तेवढंच द्यावं, एवढी साधी इच्छा आहे. त्यासाठी रोजचं संदर्भ बाष्पोत्सर्जन लागतं, म्हणजे भरपूर पाणी मिळालेली, सगळीकडून सारखी, १२ सेंटिमीटर उंचीची हिरवळ दिवसाला किती मिलिमीटर पाणी हवेत सोडेल तो आकडा.

माझ्याकडे दोन वाटा आहेत. एक म्हणजे एरा-५ लँड. युरोपीय हवामान केंद्राचं हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि संगणकाचं मॉडेल यांची सांगड घालून काढलेलं हवामान, ०.१ अंशाच्या चौकोनांत (यालाच मी ग्रिड म्हणतोय), दर तासाला, १९५० पासून उपलब्ध आहे. दुसरी म्हणजे आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसवलेलं स्वयंचलित केंद्र: तापमान, आर्द्रता, वारा, सौर प्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा). दोन्हीकडून एफएओ-५६ च्या (अन्न व शेती संघटनेची पिकांच्या पाण्यावरची पुस्तिका) पेनमन-माँटीथ सूत्राने रोजचा आकडा काढला. एप्रिल-मेमध्ये गच्ची ग्रिडपेक्षा जास्त सांगते, जुलै-ऑगस्टमध्ये कमी.

समितीतल्या मंडळींचं मत ठाम आहे: यंत्र डोळ्यासमोर आहे म्हणून ते खरं, ग्रिड दूर कुठल्या संगणकातून आलेलं म्हणून ते खोटं. मला हे पटत नाही. पडताळणी करायची तर दोन्ही बाजूंची व्हायला हवी. सुरुवात कुठून करू?

सायली_पवई

चांगला धागा. माझ्या अभ्यासाचा विषय याच्या अगदी जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, तुम्ही ग्रिडमधलं नेमकं कोणतं चल (म्हणजे कोणती राशी) घेतलंत? एरा-५ लँडमध्ये बाष्पीभवनाची दोन चलं सहज हाताशी येतात आणि दोन्ही तुमच्या कामाची नाहीत.

'एकूण बाष्पीभवन' हे प्रत्यक्ष बाष्पीभवन आहे. त्या चौकोनातल्या मातीत जेवढा ओलावा मॉडेलला दिसतो त्यातून जेवढं उडेल तेवढं. हे मिलिमीटर मेमध्ये खाली जातात, कारण मॉडेलची माती सुकलेली असते. संदर्भ बाष्पोत्सर्जन मात्र मेमध्ये सर्वांत वर असतं. या दोघांची तुलना केली तर ऋतू उलटेच दिसतील. शिवाय या मॉडेलच्या जमिनीत शहर नावाचा प्रकारच नाही. दादरला काँक्रीट आहे हे त्याला ठाऊक नाही, तो तिथे माती आणि वनस्पती धरून चालतो.

'संभाव्य बाष्पीभवन' नावावरून आपलं वाटतं, पण एरा-५ लँडमध्ये ते उघड्या पाण्याच्या पृष्ठभागासाठी काढलेलं असतं आणि मूळ एरा-५ मध्ये पाण्याचा ताण नसलेल्या पिकासाठी. एकाच नावाखाली दोन व्याख्या! दोन्ही एफएओच्या हिरवळीच्या नाहीत.

म्हणून योग्य वाट एकच: ग्रिडमधून तापमान, दवबिंदू, वारा आणि खाली येणारं सौर प्रारण घ्यायचं आणि सूत्र स्वतः चालवायचं. गच्चीवरच्या केंद्रासाठीही तंतोतंत तेच सूत्र. गच्चीवरचं यंत्र बाष्पोत्सर्जन मोजतच नाही, हे समितीला जरूर सांगा. ते मोजायला लायसीमीटर लागतो, म्हणजे मातीतून उडालेलं पाणी मोजणारी टाकी, किंवा हवेच्या भोवऱ्यांतून वर जाणारी वाफ मोजणारा एडी कोव्हेरियन्सचा मनोरा. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना अंदाजच आहेत, फक्त कच्चा माल वेगळा आहे.

गोरेगावकर

ताई, तेच केलंय. चारही घटक ग्रिडमधून घेतले आणि दोन्हीकडे एकच सूत्र चालवलं. वाऱ्याची उंचीही जुळवली: ग्रिडचा वारा १० मीटरवरचा, सूत्राला २ मीटरवरचा हवा, म्हणून ०.७४८ ने गुणलं.

केतकी

मध्येच विचारते. मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणावरून काढलेलं बाष्पोत्सर्जन ५०० मीटरचं आहे ना? दहा किलोमीटरच्या चौकोनापेक्षा ते बरं नाही का?

सायली_पवई

केतकी, मुंबईसाठी त्याचा उपयोग फार थोडा. त्या उत्पादनात शहरी भाग, पाणथळ जागा आणि जलाशय यांना आकडाच दिलेला नसतो, त्याऐवजी राखीव सांकेतिक संख्या असतात. शहरी चौकोनाला ३२७६२, कायम पाणथळ जागेला ३२७६३, पाण्याला ३२७६६. आता मुंबईचा नकाशा डोळ्यासमोर आण: इमारती, खारफुटी, खाड्या, विहार-तुळशी-पवईचे तलाव. उरतं मुख्यतः राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि आरे. या संख्या न गाळता सरासरी काढली तर मिलिमीटर हजारांत जातात. शिवाय आकडा आठ दिवसांच्या बेरजेचा असतो आणि तोही प्रत्यक्ष बाष्पोत्सर्जनाचा. रोजच्या पाण्याला तो चालणार नाही.

जुना निरीक्षक

माझी नोकरी वेधशाळांत गेली, म्हणून केंद्राच्या बाजूने दोन शब्द. ग्रिडकडे वळण्याआधी केंद्राची कसून तपासणी करा.

गच्ची ही जागाच मुळात सूत्राच्या गृहीतकाला धरून नाही. पेनमन-माँटीथ सूत्रात शिरणारी हवा ही ओल्या हिरवळीवरची हवा असावी लागते. हिरवळ पाणी सोडते, त्यात उष्णता खर्च होते, म्हणून तिच्यावरची हवा थोडी गार आणि दमट राहते. गच्चीवर उलट घडतं. स्लॅब तापतो, दुपारी हवा कोरडी होते, आणि तुम्ही ती कोरडी गरम हवा सूत्राला देता. सूत्र प्रामाणिकपणे जास्त आकडा देतं. एफएओ-५६ मध्ये सहावं परिशिष्ट याच विषयावर आहे. त्यातली ओळखण्याची खूण सोपी आहे: ओल्या जागी पहाटेचं किमान तापमान दवबिंदूच्या जवळ येतं. तुमच्याकडे दोघांत रोज दोन-तीन अंशांहून जास्त अंतर राहत असेल तर शंका घ्या. मात्र थंडीत मतलई वारे वाहत असताना मुंबईत हवा खरोखरच कोरडी असते, त्या पहाटे हे अंतर नैसर्गिक असतं. तेव्हा यंत्राला दोष देऊ नका. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत काय नोंदलं गेलं ते पाहा.

प्रारणाची परीक्षा तर यंत्राला हात न लावता घेता येते. निरभ्र दिवशी जमिनीवर येणारं प्रारण हे वातावरणाच्या माथ्यावरच्या प्रारणाच्या सुमारे ०.७५ पट असतं. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला माथ्यावर दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ३९ मेगाज्यूल, म्हणजे खाली २९ च्या आसपास. वर्षभराच्या रोजच्या नोंदी मांडा आणि वरून ही निरभ्र आकाशाची रेषा ओढा. चांगले दिवस रेषेला टेकले पाहिजेत. हिवाळ्यात शहरावर धुरकं असतं, तेव्हा थोडे खाली राहतील. पण मार्चपासून सगळेच दिवस खाली सरकत गेले असतील तर काचेवर धूळ आहे किंवा कबुतरांनी बैठक मांडली आहे. रेषेच्या वर जात असतील तर अंशांकन, म्हणजे यंत्राच्या मापाची जुळणी, गेलं. ही तपासणी मी प्रत्येक नवशिक्याकडून करून घेत असे.

आर्द्रतेच्या संवेदकाला खारी हवा मानवत नाही. पावसाळ्यात तो शंभरावर अडकतो आणि दिवसदिवस तिथेच बसतो. पाऊस थांबून ऊन पडलं तरी शंभर दाखवत असेल तर तो भाग गाळा.

वाडीवाला_वसई

निरीक्षक काका, बाष्पीभवन पात्राचं काय? आमच्याकडे पूर्वी कृषीवाले लोक त्याच्यावरूनच पाणी सांगायचे.

जुना निरीक्षक

पात्र हे फार गुणी साधन आहे. वर्ग-अ पात्र, १२०.७ सेंटिमीटर व्यासाचं आणि २५ सेंटिमीटर खोल. आपल्याकडे त्याच्यावर जाळी असते, नाहीतर कावळे आंघोळ करून जातात. जाळीमुळे बाष्पीभवन थोडं कमी होतं, हे परदेशी आकड्यांशी तुलना करताना लक्षात ठेवावं लागतं. पात्राच्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणून हिरवळीचा अंदाज येतो, पण हा गुणांक वारा, आर्द्रता आणि भोवतालच्या जमिनीप्रमाणे बदलतो. आणि कोकणातल्या पावसाळ्यात पात्राची शोभाच होते. धो धो पावसात थेंब उडतात, पात्र भरून वाहतं, पर्जन्यमापकातली वजाबाकी जुळत नाही. ऑक्टोबरनंतर मात्र मी पात्रावर विश्वास ठेवीन. एकच बघा, पात्राची नोंद सकाळी साडेआठची. ती कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतची असते.

आकडेमोड

तारखांचा मुद्दा आलाच आहे तर त्यात भर घालतो. एरा-५ लँडमध्ये प्रारण आणि बाष्पीभवन ग्रिनिच शून्य तासापासून साठत जातं. पूर्ण दिवसाची बेरीज दुसऱ्या दिवसाच्या शून्य तासाच्या नोंदीत असते. ती त्याच तारखेची समजून घेतली की सगळी मालिका एक दिवस सरकते. ग्रिनिचचा शून्य तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मुंबईत सूर्योदय त्यानंतरच होतो, त्यामुळे आपला दिवसाचा सगळा उजेड एकाच ग्रिनिच दिवसात पडतो. हे आपलं भाग्य. साडेपाच तासांच्या फरकाने प्रारणाचं काही बिघडत नाही, एक दिवसाच्या घसरणीने बिघडतं. तपासायला मालिका एक दिवस मागे आणि एक दिवस पुढे सरकवून सहसंबंध पाहा. शून्यावरच तो सर्वांत जास्त आला पाहिजे. हे पावसाळ्यात उत्तम कळतं, कारण तेव्हा ढग आणि उघडीप रोज बदलतात.

आता मूळ प्रश्न. एकूण आकड्यांची तुलना करून काहीच कळणार नाही, कारण दोन घटकांच्या चुका एकमेकींना झाकतात. मी मेला शोभेल असा एक दिवस घेऊन सूत्र चालवलं: कमाल ३३.५, किमान २७, आर्द्रता ७० टक्के, २ मीटरवर वारा सेकंदाला २ मीटर, प्रारण २३ मेगाज्यूल. उत्तर ५.६ मिलिमीटर. मग एकेक घटक हलवला.

आर्द्रता ७० ऐवजी ७५ केली: ५.४५. प्रारण दहा टक्क्यांनी कमी केलं: ५.२५. वाऱ्याची उंची न जुळवता १० मीटरचा वारा तसाच घातला: जवळपास ५.९. म्हणजे काचेवरच्या धुळीने आकडा जेवढा खाली जाईल, त्याच्या निम्म्याहून जास्त वाऱ्याच्या उंचीचा घोटाळा परत वर आणील, आणि बेरीज बघणाऱ्याला वाटेल सगळं छान आहे.

जुलैचा ढगाळ दिवस घेतला: कमाल ३०, किमान २५, आर्द्रता ८६, वारा २.५, प्रारण १३. उत्तर ३.१. यात वाऱ्याचा वाटा फार कमी, कारण हवेला ओढायला जागाच नाही. प्रारण मात्र २० टक्क्यांनी वाढवलं की आकडा ३.५ होतो. म्हणून तुमच्या पावसाळी फरकात मी आधी प्रारणच पाहीन.

सायली_पवई

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. फक्त वाऱ्याबद्दल मुंबईपुरती एक खास गोष्ट.

ग्रिडमध्ये वारा पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन भागांत मिळतो. बरेच जण दिवसभराच्या या दोन भागांची आधी सरासरी काढतात आणि मग वेग काढतात. मुंबईच्या हिवाळ्यात दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. सरासरीत हे दोघं एकमेकांना खोडतात आणि दिवसभर वारा वाहूनही वेग जवळपास शून्य निघतो. दर तासाला आधी वेग काढायचा आणि मग सरासरी घ्यायची. पावसाळ्यात वारा एकाच दिशेचा असल्यामुळे दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून जुलैची परीक्षा पास झाली तरी जानेवारीत हा दोष राहू शकतो.

गोरेगावकर

हे फार मोलाचं. मी वेग तासातासाचाच घेतला होता, पण किमान कारण आता नीट कळलं.

आणखी एक विचारायचं होतं. सांताक्रूझ वेधशाळेला तिसरा साक्षीदार करावं असं मनात आहे. चालेल?

आकडेमोड

चालेल, पण साक्षीदार पूर्ण स्वतंत्र नाही हे लक्षात ठेवा. एरा-५ तयार होताना जमिनीवरच्या केंद्रांची २ मीटरवरची तापमान-आर्द्रतेची निरीक्षणं मातीच्या ओलाव्याच्या विश्लेषणात वापरली जातात, आणि एरा-५ लँड त्याच एरा-५ च्या हवेवर चालतं. सांताक्रूझसारख्या केंद्राशी ग्रिड जुळलं तर त्यात थोडा वाटा घरच्या ओळखीचा. तुमची गच्ची त्यात नाही, म्हणून ती जागेने सदोष असली तरी स्वतंत्र आहे. दोघांचे गुण वेगळे आहेत, दोघांनाही ठेवा.

आणि कृपा करून नुसता सहसंबंध दाखवून थांबू नका. वर्षभराची मालिका घेतली तर मे वर आणि जुलै खाली हे कुठलंही बरं मॉडेल दाखवतं, सहसंबंध आपोआप छान येतो. ऋतूची सरासरी वजा करा आणि उरलेल्या चढउतारांची तुलना करा. सोबत महिनावार सरासरी फरक द्या. बागेला पाणी देणाऱ्याला सरासरी फरकच नडतो, कारण तो दिवसेंदिवस साठत जातो. एखाद्या दिवसाची चूक माती सांभाळून घेते.

वाडीवाला_वसई

मी शेतकऱ्याच्या बाजूने विचारतो. आमच्या वसईत एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, पुढे तुंगारेश्वरचा डोंगर. एकाच चौकोनात हे सगळं. माझ्या केळीच्या वाडीला तो चौकोन काय सांगणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला सत्तरेक मिलिमीटर पाऊस झाला होता. एका शहरात एवढा फरक असतो तर ग्रिडवर भरवसा का ठेवायचा?

सायली_पवई

शंका रास्त आहे. पण पाऊस ज्या तऱ्हेने तुकड्यातुकड्याने पडतो, तसं संदर्भ बाष्पोत्सर्जन बदलत नाही. त्याला चालवतं मुख्यतः प्रारण, आणि ऑक्टोबर ते मे या निरभ्र काळात वसई ते कुलाबा आकाश बरंचसं सारखं असतं. पाणी द्यायचे महिनेही तेच. तापमान-आर्द्रतेत किनाऱ्यापासून आत जाताना फरक पडतो, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे. आपल्या अक्षांशावर एक चौकोन उत्तर-दक्षिण ११ आणि पूर्व-पश्चिम साडेदहा किलोमीटरचा. समुद्रावरचे चौकोन एरा-५ लँडमध्ये रिकामे असतात. किनाऱ्याजवळच्या जागेसाठी सर्वांत जवळचा चौकोन आंधळेपणाने घेऊ नका. तुमच्या चौकोनाचा आणि त्याच्या पूर्वेच्या शेजाऱ्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघांत थोडाच फरक असेल तर निश्चिंत व्हा. जास्त असेल तर एक साधं तापमान-आर्द्रतेचं यंत्र वाडीत, हिरव्या जमिनीवर, सावलीच्या पेटीत ठेवा. बाकी वारा आणि प्रारण ग्रिडचं चालेल.

कमाल-किमान तापमानावरून काढायचं हारग्रीव्ह्जचं सूत्र मोहात पाडतं, पण दमट किनाऱ्यावर ते बहुधा जास्त सांगतं. इथे ते टाळा.

गोरेगावकर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे घटकवार तुलना केली. जे दिसलं ते लिहितो.

प्रारण: निरभ्र आकाशाची रेषा ओढली. ऑक्टोबर ते मे गच्चीवरचं यंत्र आणि ग्रिड दोघंही रेषेजवळ आहेत आणि एकमेकांशी छान जुळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रिड सतत वर. तेव्हा निरभ्र दिवसच नसल्यामुळे चूक कोणाची ते या परीक्षेत ठरत नाही. मी तो प्रश्न बाजूला ठेवला, कारण त्या महिन्यांत पाणी द्यायचंच नाही.

तापमान आणि आर्द्रता: उन्हाळ्याच्या दुपारी गच्ची सांताक्रूझपेक्षाही गरम आणि कोरडी. ग्रिड सांताक्रूझच्या बरंच जवळ. निरीक्षक काकांनी सांगितलेली स्लॅबची गोष्ट स्पष्ट दिसते. पहाटेच्या किमान तापमानाचं दवबिंदूपासूनचं अंतरही गच्चीवर जास्त.

वारा: गच्चीवर कमी, कारण पाण्याच्या टाकीच्या आडोशाला यंत्र आहे. पश्चिमेचा वारा असला की हा फरक वाढतो. म्हणजे गच्चीच्या आकड्यात गरम हवा वर ओढतेय आणि टाकी खाली, असे दोन दोष एकत्र आहेत.

समितीपुढे आता असं मांडणार आहे: पाण्याचं वेळापत्रक ग्रिडच्या चार घटकांवर चालवायचं. यंत्र गच्चीवरून खाली हिरवळीच्या मधोमध हलवायचं, वारा मोजणारा भाग २ मीटरवर. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा महिनावार फरक काढायचा.

जुना निरीक्षक

योग्य. खाली हलवताना इमारतीची सावली बघा. सकाळ-संध्याकाळ सावली पडली तर प्रारणाच्या नोंदी वाया जातील. प्रारणाचं यंत्र गच्चीवरच राहू द्या, त्याला उघडं आकाश हवं, हिरवळ नको. काच दर आठवड्याला मऊ कापडाने पुसायला माळीदादांना सांगा.

वाडीवाला_वसई

आणि पाण्याचा हिशेब कसा करणार? मिलिमीटर माळ्याला कळत नाहीत.

गोरेगावकर

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. संदर्भ आकड्याला ज्याने गुणून त्या पिकाचं पाणी निघतं तो पीक गुणांक आपल्या उष्ण हवेतल्या हिरवळीला ०.८५ च्या आसपास धरतात, केळीला भर वाढीत १.१ ते १.२. वर आलेला मेचा ५.६ चा दिवस घेतला तर हिरवळीला चौरस मीटरला पावणेपाच लिटर. हजार चौरस मीटरच्या हिरवळीवर ०.४ मिलिमीटरची चूक म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आत. पाइपचा प्रवाह बादलीने मोजून मी माळीदादांना प्रत्येक महिन्यासाठी मिनिटांत तक्ता करून देणार आहे, आणि ढगाळ आठवड्यात तो ग्रिडवरून बदलायचा. तक्ता तयार झाला की इथेच टाकतो, म्हणजे वसईत केळीचा गुणांक घालून तुम्हालाही वापरता येईल.